घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय घ्यावा की माळ्यावरचा लॅपटॉप काढावा?

गेल्या महिन्यात भाच्याने फोन केला, "मामा, पाय घेऊ का?" पाय म्हणजे रास्पबेरी पाय, पत्त्याच्या पानाएवढ्या बोर्डावरचा छोटा संगणक; घरचा सर्व्हर म्हणून तो चोवीस तास चालू ठेवता येतो. त्याला घरातले सगळे फोटो एका जागी ठेवायचे आहेत, पायथॉन भाषेत लिहिलेले दोन-चार छोटे प्रोग्रॅम रात्री आपोआप चालवायचे आहेत आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते मोबाइलवर बघायचं आहे. मी उलट विचारलं, "बाबांचा जुना लॅपटॉप कुठाय?" तो माळ्यावर. विंडोज 11 त्यावर चढत नाही, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून पिशवीत गुंडाळून ठेवलेला. असा लॅपटॉप आज बऱ्याच घरांत आहे, आणि भाच्यासारखीच खरेदीची हौसही.

मी दोन्ही चालवले आहेत. आधी पाय चार, म्हणजे पायची चौथी आवृत्ती, त्यानंतर जुना लॅपटॉप.

पायच्या बाजूने लोक पहिल्यांदा विजेचा हिशोब सांगतात. माझा पाय निवांत असताना साधारण 4 वॅट घ्यायचा, लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून 12 वॅट घेतो. चोवीस तास, तीस दिवस धरले तर एकाचे तीन युनिट, दुसऱ्याचे पावणेनऊच्या आत. फरक महिन्याला सहा युनिटांचा. गीझर दहा मिनिटं जास्त चालू राहिला की एक-तृतीयांश युनिट जातं, ते कुणी मोजत नाही. त्यामुळे बिलाचं कारण मी बाजूला ठेवतो.

खरा प्रश्न, लाइट गेल्यावर काय होतं.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. पण लाइट गेल्यापासून इन्व्हर्टरने भार घेईपर्यंत एक क्षण जातो. पंख्याला तो कळत नाही, पायला कळतो. त्या क्षणी पाय मेमरी कार्डावर काही लिहीत असेल तर फाइल अर्धवट राहते. तीन-चारदा निभावलं. मग एका पावसाळी रात्री लाइट तासात पाच वेळा ये-जा करत राहिली आणि सकाळी पाय नेटवर्कवर दिसेना. स्क्रीन जोडून बघावं, तर पाय चारला मायक्रो एचडीएमआयची केबल लागते आणि घरातल्या झाडून सगळ्या केबल साध्या. टीव्हीमागे हात घालून, खोके उपसून झाले. संध्याकाळी केबल आणून जोडली, तेव्हा पडद्यावर "कर्नल पॅनिक" लिहिलेलं, म्हणजे सिस्टिमच सुरू होईना. कार्ड गेलं होतं, आणि बॅकअप, अर्थातच, त्याच कार्डावर. (इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की हा क्षण बराच आखडतो. मला ते नंतर सापडलं.)

लॅपटॉपला बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस आतच बसवलेला. जुनी बॅटरी वीस मिनिटं टिकली तरी पुरते. शिवाय घड्याळाचा सेल असतो. पाय चारला तो नाही, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. लाइट आली आणि राउटर सुरू व्हायला उशीर लागला, तर तेवढा वेळ पाय जुन्याच वेळेत जगतो आणि लॉग, म्हणजे कधी काय घडलं याची नोंद, वाचताना आपलं डोकं फिरतं. पाय पाचमध्ये घड्याळ दिलंय, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

वेगळं घ्यायची ती एकच वस्तू नाही. 2012 मध्ये पहिला पाय 35 डॉलरला आला, तो आकडा अजून लोकांच्या डोक्यात बसलाय. आता बोर्डाशिवाय कार्ड, केस, पंखा लागतो, आणि पाय पाचला 5 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर. घरातला 65 वॅटचा चार्जर चालेल असं वाटतं, पण 5 व्होल्टला तो बहुधा 3 अँपिअरच देतो. मग पाय यूएसबीवरचा करंट एकूण 600 मिलिअँपिअरवर बांधून ठेवतो, आणि फोटोंची पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक करत बसते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीतही लॅपटॉप सोपा. पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा, साध्या पीसीपेक्षा वेगळा. डॉकरची इमेज (तयार सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं) साध्या पीसीसाठी बनवलेली असेल तर पाय "एक्झेक फॉरमॅट एरर" एवढं म्हणून थांबतो. आता बहुतेक इमेज दोन्हीसाठी मिळतात, पण नेमकी आपल्याला हवी ती मिळत नाही, हा माझा अनुभव.

लॅपटॉपच्या कटकटी नाहीत असं नाही. झाकण मिटलं की तो झोपतो, ती सेटिंग आधी बदला. प्रोसेसर 32 बिटचा असेल तर नाद सोडा, विंडोजऐवजी टाकायची लिनक्स प्रणाली डेबियन, तिच्या 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीने त्यासाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं. हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी टाका. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगलीय, ती त्याच दिवशी काढायची. बॅटरी काढल्यावर मात्र मी वर केलेलं निम्मं कौतुक रद्द.

राहिली टाकी. इथे पाय जिंकतो असं मलाही वाटायचं, कारण त्याला 40 पिना आहेत आणि लॅपटॉपला एकही नाही. पण त्या पिना 3.3 व्होल्टच्या. मी स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) जोडला, त्याची 5 व्होल्टची तार मध्ये रेझिस्टर न घालता थेट पिनेत खुपसली. "पाय जळाला" असं ओरडलो, तर आई बर्नॉल घेऊन आली. आणि समजा जळला नसता, तरी टाकी गच्चीवर आणि पाय हॉलमध्ये. त्यापेक्षा काही शे रुपयांचा ईएसपी32, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड, टाकीजवळ बसवावा, त्याने वायफायवरून आकडा लॅपटॉपला कळवावा. सेन्सर मात्र वॉटरप्रूफ घ्या आणि झाकणापासून पाण्यापर्यंत वीत-सव्वा वीत अंतर राखा. त्याहून जवळचं त्याला नीट मोजता येत नाही, टाकी काठोकाठ भरली की आकडे भलतेच येतात.

पाय घ्यावाच असेही लोक आहेत: ज्यांना यंत्र चाकांवर फिरवायचंय, खिडकीत कॅमेऱ्यासह लावायचंय, किंवा ज्यांच्या माळ्यावर काहीच नाही. भाच्याच्या घरी लॅपटॉप आता बुटांच्या कपाटावर, राउटरशेजारी, झाकण मिटून बसलाय. ताईची तक्रार एकच, रात्री त्याचा पंखा घरघरतो. रविवारी स्क्रू ड्रायव्हर आणि रंगाचा जुना ब्रश घेऊन जाणार आहे.