शेतासाठी जुनी फोर-व्हील जीप घेताना झालेली फसवणूक: नंबर, हाउसिंग आणि कागद

मुंबईत राहतं घर आणि मुरबाड, वाडा किंवा कर्जतकडे वडिलोपार्जित शेत, अशा घरांत जुन्या फोर-व्हीलची ओढ असते. ट्रॅक्टर नांगरणीला असतोच, पण भिजलेल्या बांधावरून पेंढ्याची ट्रॉली काढणं, पंप उचलून ओढ्यापर्यंत नेणं ही कामं जुनी जीप सहज करते. अमेरिकेच्या विलीज कंपनीने 1945 मध्ये सीजे-2ए (सीजे म्हणजे नागरी वापराची जीप) काढली ती शेतकऱ्यांसमोर ठेवूनच: मागे ओढणीचा ड्रॉबार, ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतून) निघणारा पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र फिरवणारा शाफ्ट), कडबाकुट्टी चालवायला पुली. मुंबईशी या गाडीचं नातं जुनं आहे. महिंद्राने विलीजचे सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात केली ती माझगावात.

आमच्या कुटुंबाने शेतासाठी घेतलेली जीप "1944 ची ओरिजिनल विलीज एमबी, नंबर मॅचिंग, पीटीओसकट" अशी सांगून विकली गेली. सौदा एका दलालामार्फत मुंबईत झाला. फोटो पाहून टोकन दिलं, वसईजवळच्या एका चिखलाच्या प्लॉटवर फोर-व्हीलचा डेमो पाहिला आणि उरलेली रक्कम दिली. गाडी गॅरेजच्या पिटावर चढवून नीट तपासली ती पैसे गेल्यावर. पिटावर जे दिसलं ते पुढे क्रमाने देत आहोत. यातली प्रत्येक तपासणी टोकन देण्याआधी अर्ध्या दिवसात होण्यासारखी होती.

सुरुवात नंबरांपासून. दुसऱ्या महायुद्धातली ही जीप दोन कंपन्यांनी बनवली: विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. एमबीचा चेसिस नंबर चेसिसच्या डाव्या लांब रेलच्या (लोखंडी तुळईच्या) आतल्या बाजूला, पुढच्या बंपरच्या लगेच मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठावर थेट ठोकलेला असतो. दुसरा फरक बोटांनीही कळतो. रेडिएटरखालचा पुढचा आडवा मेंबर एमबीला गोल नळीचा असतो, फोर्डला उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा. आमच्या जीपला पट्टी एमबीची होती, मेंबर गोल नळीचा नव्हता. पट्टीचे रिव्हेट नवे होते आणि त्यांच्याभोवतीचा रंग फुटलेला होता.

आता "मॅचिंग नंबर", म्हणजे इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असणं. फोर्डने इंजिन आणि चेसिसला एकच नंबर दिला, त्यामुळे जीपीडब्ल्यूच्या बाबतीत हा शब्द बरोबर आहे. विलीजने तसं केलं नाही. एमबीचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कारखान्यातूनच वेगवेगळे निघाले. म्हणजे कोणी एमबी दाखवून "दोन्ही नंबर एकच आहेत" असं अभिमानाने सांगत असेल तर तो नंबर नंतर कोणीतरी ठोकलेला आहे. आम्हाला विकताना सर्वात जास्त किंमत याच एका गोष्टीची लावली गेली.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यातल्या सपाट उंचवट्यावर असतो. तिथली धूळ आणि रंग कापडावर थिनर घेऊन साफ करा आणि टॉर्च आडवी धरा. मूळ ओतीव लोखंडाचा पोत बाजूला जसा आहे तसाच उंचवट्याच्या कडेला दिसला पाहिजे. फाईल किंवा ग्राइंडर फिरवलेला असेल तर उंचवटा मधे किंचित खोल आणि चकचकीत दिसतो, आकड्यांची खोली कमी-जास्त असते, ओळ वाकडी असते. एमबीच्या इंजिनवर नंबराआधी "एमबी", सीजे-2ए वर "जे", सीजे-3ए वर "3जे" आणि नंतरच्या एफ-हेड इंजिनवर "4जे" अशी अक्षरं येतात. आमच्या ब्लॉकवर नव्या "एमबी" खाली जुना "जे" पुसट दिसत होता. पेन्सिल प्रिंट तुम्ही स्वतः घ्या. पातळ कागद नंबरावर धरून शिसपेन्सिल आडवी घासायची, चेसिसचीही आणि इंजिनचीही. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रिंटचा काही उपयोग नाही.

इंजिन कोणतं हे बॉनेट उघडल्यावर लगेच कळतं. एमबी, सीजे-2ए आणि 3ए मध्ये एल-134 इंजिन येतं: 134 घन इंच, म्हणजे सुमारे 2.2 लिटर, दोन्ही वाल्व ब्लॉकमध्ये, वर सपाट हेड आणि त्यावर उभे प्लग. सीजे-3बी मधलं एफ-134 त्याच घराण्यातलं, पण इनटेक वाल्व हेडमध्ये, त्यामुळे वर उंच झाकण. 3बी चं बॉनेट उंच आहे ते याच कारणाने. आपल्याकडे वर्षानुवर्षं बनली ती 3बी, म्हणून बाजारात चेसिस आणि सुटे भाग तिचेच जास्त. तिच्या चेसिसवर नवा लो-बॉनेट टब (पत्र्याची उघडी बॉडी) चढवायचा, कुठलं तरी एल-134 बसवायचं, नऊ फटींची जाळी लावायची आणि युद्धकाळातली गाडी म्हणून विकायची, असा हा उद्योग आहे. एमबीच्या जाळीत नऊ फटी आणि सीजेच्या जाळीत सात, हे लोकांना पाठ असतं, म्हणून बनावट करणारा जाळी सर्वात आधी बदलतो. जाळीवरून काहीच ठरवू नका.

बॉडीत मात्र घाईच्या चुका राहतात. मागच्या पॅनलवर कंपनीचं नाव उठावात फक्त सुरुवातीच्या गाड्यांना होतं, 1942 च्या मध्यानंतर ते बंद झालं. आमच्या "1944" च्या जीपवर ते ठळक होतं. मूळ टबच्या फरशीखालच्या हॅट चॅनलमध्ये (आधाराच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यांत) लाकडाच्या पट्ट्या असत. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हे लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून कुजतो. म्हणून इथे राहिलेल्या खऱ्या जुन्या टबची फरशी दुरुस्त केलेली असणं स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका. फरशी, चॅनल, मागचं पॅनल, सगळं एकसारखं नवं आणि वर जाड पुट्टी, हे संशयाचं. साधं लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा, पुट्टीवर ते धरत नाही. रेल आणि स्प्रिंगच्या हँगरजवळ अंडरकोटचा जाड थर असेल तर तो खरवडू द्यायला सांगा. तडे तिथेच जातात आणि वेल्डिंग तिथेच लपवतात. विक्रेता नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

सर्वात महाग पडली ती फोर-व्हीलची फसवणूक, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. एमबीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही हाउसिंगमध्ये (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेटीत) क्राउन-पिनियन (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी) 39 आणि 8 दातांचं, म्हणजे रेशो 4.88: दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.88 फेरे. सीजेमध्ये साधारणतः 43 आणि 8, म्हणजे 5.38. आमच्या जीपला पुढे एमबीचं हाउसिंग होतं आणि मागे सीजेचं. मागच्या हबवरून हे जागच्या जागी ओळखता येतं. एमबीचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग (गाडीचं वजन आतल्या शाफ्टवर न येणारा) असतो, त्यामुळे हबवर सहा बोल्टचा फ्लँज दिसतो. नंतरच्या सीजेला हबच्या मधोमध एक मोठा नट आणि त्यात स्प्लिट पिन.

दोन रेशोंत 10 टक्के फरक. टू-व्हीलमध्ये काही जाणवत नाही, गाडी मस्त चालते. फोर-व्हील टाकलं की पुढची चाकं मागच्यांपेक्षा 10 टक्के जास्त फिरायला बघतात, म्हणजे 100 मीटर जाताना सुमारे 10 मीटर कुठेतरी घसरून निघावे लागतात. चिखलात टायर घसरतात आणि हिशोब दबून जातो. कोरड्या जमिनीवर घसरायला जागा नसते, मग ताण प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलकडे जाणारा), यूजे क्रॉस (त्याचा सांधा) आणि ट्रान्सफर केसच्या गिअरवर जातो. लिव्हर अडकतं, क्रॉस तुटतो, गिअरचे दात उडतात. वसईचा डेमो चिखलातच का ठेवला होता ते आम्हाला पिटावर समजलं. (ट्रॅक्टरच्या अनुभवावरून इथे एक गैरसमज होतो. फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढच्या चाकांना 1 ते 5 टक्के आघाडी मुद्दाम दिलेली असते. जीपला चारही टायर एका मापाचे, 6.00-16 चे, आणि दोन्ही हाउसिंग एकाच रेशोची असतात. तिथे आघाडी शून्य हवी.)

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसही न्यूट्रल, पुढचा ड्राइव्ह सुटा. हँडब्रेक सोडा, आणि म्हणूनच जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) उचललेल्या चाकाला फिरू देतं. आता मागचं एकच चाक जॅकने उचलून खाली स्टँड द्या. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. एक माणूस चाक हाताने बरोबर 16 वेळा फिरवेल, दुसरा शाफ्टचे फेरे मोजेल. समोरचं चाक थांबलेलं असल्याने हे 16 फेरे 8 च धरायचे: शाफ्ट 39 वेळा फिरला तर रेशो 4.88, 43 वेळा फिरला तर 5.38. मग तेच पुढच्या एका चाकाला, चाकं सरळ ठेवून. दोन्हीकडे आकडा एकच आला पाहिजे. दोन्ही चाकं एकदम उचलू नका, समोरचं चाक उलटं फिरतं आणि मोजणी फुकट जाते.

पुढचं चाक फिरवताना शाफ्ट हललाच नाही तर आधी पुढच्या हबवर फ्री-व्हील लॉक (चाक ॲक्सलपासून सुटं करणारी कळ) आहे का बघा, असेल तर दोन्ही बाजूंचे लॉक करून पुन्हा फिरवा. तरीही शाफ्ट गप्प असेल तर बहुधा आतला ॲक्सल शाफ्ट काढून टाकलेला आहे आणि बाहेरून फक्त फ्लँज लावून ठेवला आहे. लो रेंजचीही (जास्त ओढीच्या, हळू गिअरची) खात्री करा. मूळ यंत्रणेत पुढचा ड्राइव्ह टाकल्याशिवाय लो पडत नाही. पडत असेल तर आतलं इंटरलॉक गायब आहे, आणि एमबीच्या मागच्या ॲक्सलवर लो गिअरचा पूर्ण भार येणं चांगलं नाही.

पीटीओच्या बाबतीत तर बाहेरचं फक्त घर होतं. ट्रान्सफर केसच्या मागे हाउसिंग बोल्ट केलेलं, बाहेर सहा खाचांचा शाफ्ट, लिव्हर रंगवलेलं, आत गिअर नाहीच. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्स गिअरमध्ये, पीटीओचं लिव्हर टाकून क्लच हळू सोडायचा. शाफ्ट फिरला पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे.

सुट्या भागांबद्दल एक सांगायला हवं. कुर्ल्याचा भंगार बाजार किंवा ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं इथे जुन्या जीपचा माल मिळतो म्हणूनच मुंबईत या गाड्या जगल्या. नवी डेटा प्लेट (गाडीच्या माहितीची पट्टी) लावणं, 6 व्होल्टचं वायरिंग 12 व्होल्टचं करणं, बदललेलं हाउसिंग, यात गैर काही नाही. ते सांगून, त्या भावात विकलं तर आम्हीही घेतलं असतं.

कागद. एमबीचं आरसी खरं होतं, पण ते दुसऱ्या, बहुधा भंगारात गेलेल्या जीपचं. जुना कागद घ्यायचा, त्यावरच्या नंबराची पट्टी बनवायची आणि हाती येईल त्या चेसिसवर ठोकायची, असा प्रकार. म्हणून आरसी खरं आहे एवढ्याने समाधान मानू नका. नोंदणी ज्या आरटीओची आहे तिथल्या फाइलमधली चेसिसची जुनी प्रिंट आणि तुमची प्रिंट शेजारी ठेवून बघता येते का ते विचारा. फार जुनी नोंद वाहन पोर्टलवर चढवलेली नसते. ती चढल्याशिवाय नावावर होत नाही, आणि ते काम विक्रेत्याने सौद्याआधी करून द्यायचं असतं. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. कोऱ्या सह्यांचे फॉर्म घेऊन पूर्ण रक्कम देऊ नका.

दलालाने "व्हीए नंबर लगेच मिळेल" असंही सांगितलं होतं, म्हणजे व्हिंटेज गाडीचा खास नोंदणी नंबर. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी ₹20,000, मुदत 10 वर्षं. पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत ही अट आहे. शिवाय ती गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. मुरबाडच्या बाजारात भाजी न्यायला ती नोंदणी चालत नाही. शेतासाठी गाडी हवी असणाऱ्याला व्हीए नंबराचं आमिष दाखवणं हीच दिशाभूल.

रक्कम बँकेतून गेली होती आणि विक्रीच्या पावतीवर "1944 एमबी, मॅचिंग नंबर, पीटीओ चालू" हे शब्द लिहून घेतले होते. तक्रारीला खरा आधार त्याच ओळीचा झाला. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत.

पुढच्या हाउसिंगसाठी 43:8 चा जुना सेट मिळाला आहे, तोवर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गोठ्याच्या माळ्यावर ठेवला आहे. चेसिसवरची पट्टी आणि ब्लॉकवरचा नंबर यांना हात लावलेला नाही. पट्टी काढली किंवा नंबर घासला तर पुरावाही जातो आणि संशय विकत घेणाऱ्यावर येतो. रेलच्या त्या भागावर ग्रीसचा पातळ हात आणि वर प्लास्टिक बांधलं आहे, म्हणजे पंचनाम्यापर्यंत गंज चढू नये.