हेब्रुक लुकआउट: ढगात गेलो पण पैसे वसूल

एप्रिलमधला शनिवार, आभाळ भरलेलं, तरी रेडमंडहून (वॉशिंग्टन राज्य, अमेरिका) निघालो आणि तासाभरात हायवे 2 वर इंडेक्स गावाजवळ, हेब्रुक लुकआउट या टेहळणी टॉवरच्या पायथ्याशी पोचलो. पार्किंग रस्त्याला लागूनच आहे, छोटंसं, त्यामुळे लवकर जा. चढ एका बाजूने फक्त 1.3 मैल पण साधारण 850 फूट वर चढवतो म्हणजे सुरुवातीलाच धाप लागते, झाडांवर सगळीकडे शेवाळ, अगदी पावसाळ्यातल्या सह्याद्रीची आठवण येते (फक्त थंडी जास्त आणि वर भजी नाही 😄).

वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला हा लाकडी टॉवर 67 फूट उंच आहे. जिने चढताना वाऱ्याने जरा हलल्यासारखं वाटतं, आमच्या आईने अर्ध्यातूनच "मी खालीच थांबते गं" म्हणून हात टेकले. वरची खोली रात्री राहायला भाड्याने मिळते, बाकीच्यांनी तिच्या खालच्या गॅलरीपर्यंतच जायचं. समोर माउंट इंडेक्स दिसायला हवा होता, आम्हाला दहा मिनिटं नुसता पांढरा पडदा, मग एकदम ढग फाटले आणि बर्फाने माखलेला काळा कडा समोर, थर्मासमधला चहा तसाच राहिला हातात.

4 स्टार. एक ढगांनी खाल्ला.