पॉलिसी हातात होती, विमा नव्हता

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून परिषदेला किंवा संशोधनाच्या कामासाठी कोणी युरोपात निघालं असेल आणि व्हिसाची फाइल एजंटकडे दिली असेल, तर आजच आपली ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी काढा आणि तिच्यावर मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. एजंटचा असेल तर पुढचं सगळं नीट वाचा. आम्हा तिघींच्या पॉलिसी आम्ही विमानात बसायच्या आधीच रद्द झालेल्या होत्या. ते आम्हाला कळलं व्हिएन्नातल्या हॉस्पिटलात.

मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या दोन मुलींचे आणि माझा असे तीन पेपर तिथल्या परिषदेत घेतले गेले होते. मुली पहिल्यांदाच देशाबाहेर जाणार होत्या. त्यातली एक खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली, चोर्ल्याच्या पठारावरच्या गवतांवर काम करणारी. तिच्या घरच्यांनी हा खर्च कसा उभा केला ते मला माहीत आहे, म्हणून हे लिहिताना अजूनही हात थरथरतो.

इथून शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा, काढायचा म्हणजे बहुतेकांना बेंगळूर गाठावं लागतं. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसायचं, दिवसभर सेंटरवर काढायचा, पुन्हा रात्रीच्या गाडीनं परत. एखादा कागद कमी पडला की पुन्हा तीच वारी, पुन्हा रजा. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक जण एजंट धरतात आणि त्यात काही चूक नाही. आमचा एजंट माहितीतला होता, आधी दोन-तीन सहकाऱ्यांची कामं त्यानं केली होती. "मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेताय, मी हाय की. बेंगळूरला फक्त बोटांचे ठसे द्यायला जायचं," असं म्हणाला. व्हिसाचं काम, हॉटेल, विमा असं सगळं मिळून पॅकेज होतं. पैसे यूपीआयनं एकरकमी त्याच्याकडे गेले. फाइल चोख झाली, व्हिसाही मिळाला.

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला विम्याची पॉलिसी जोडावीच लागते. किमान 30,000 युरोंचं कव्हर हवं, म्हणजे आपले जवळपास तीस लाख रुपये. तातडीचे उपचार, हॉस्पिटलचा खर्च, आजारपणामुळे किंवा मृत्यू आल्यास मायदेशी आणण्याचा खर्च हे सगळं त्यात यायला हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवं. या धंद्यातली गोम अशी की फाइलला लागणारे बरेच कागद फक्त दाखवण्यापुरते असतात. डमी तिकीट, नंतर रद्द करायचं हॉटेल बुकिंग, हे शब्द एजंटांच्या ऑफिसात सर्रास ऐकू येतात. आमच्या माणसानं विमाही त्याच ढिगात टाकला. पण त्या फाइलमधलं तिकडं उतरल्यावर जीव वाचवू शकेल असं कागदपत्र तेवढं एकच होतं.

परिषदेच्या दुसऱ्या संध्याकाळी पाऊस पडत होता. ट्रामचे रूळ ओलांडताना खानापूरच्या मुलीचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट लगेच सुजलं. बोटं हलवायला सांगितली तर हलेनात. टॅक्सी करून हॉस्पिटल गाठलं. काउंटरवरच्या बाईंनी विमा विचारला, आम्ही पॉलिसीची प्रिंट पुढे केली. तिच्यावरचा चोवीस तासांचा मदत नंबर मी फिरवला. पॉलिसी नंबर सांगितला. पलीकडच्या मुलानं पुन्हा एकदा विचारून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, ही पॉलिसी कॅन्सल आहे. कारण दिलंय, व्हिसा रिजेक्टेड."

त्या वेळी तिचा पासपोर्ट माझ्या हातात होता, व्हिसाचं पान उघडलेलं. मी उरलेल्या दोन्ही पॉलिसींचे नंबर सांगितले. त्याही रद्द, कारण तेच.

एक्स-रे, डॉक्टर, प्लास्टर मिळून साडेचारशे युरोंच्या आसपास बिल झालं. ते माझ्या कार्डवरून भरलं. हाड सरळ बसलं म्हणून एवढ्यावर निभावलं. ऑपरेशन लागलं असतं, चार दिवस दाखल व्हावं लागलं असतं, तर काय केलं असतं याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. भारतीय दूतावास अडचणीत मार्ग दाखवतो, घरच्यांना कळवायला, कागदपत्रांना मदत करतो, पण हॉस्पिटलचं बिल भरायला तो विमा कंपनी नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नवीन पॉलिसी मिळते का ते बघितलं. ज्या ज्या कंपन्यांकडे विचारलं त्यांनी हेच सांगितलं की पॉलिसी भारतातून निघायच्या आधीच घ्यावी लागते. परिषदेनंतर आल्प्समध्ये दोन दिवसांची क्षेत्रभेट होती. त्यासाठीच खरं तर मुली आल्या होत्या. मी ती रद्द केली. विमा नसताना त्यांना डोंगरात न्यायची जबाबदारी मी घेऊ शकत नव्हते. त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत तिच्या आईचा फोन आला, "बाई, पोरीचा हात बरा हाय न्हवं?" घरात चिंता नको म्हणून पोरीनं फक्त मुरगळलाय असं सांगितलं होतं.

परत आल्यावर एजंटनं आधी सर्व्हरवर ढकललं, मग कंपनीनं परस्पर केलं म्हणाला. आम्ही कंपनीला लेखी विचारलं. उत्तरात सगळं स्पष्ट होतं. पॉलिसी ऑनलाइन काढताना ईमेल आणि मोबाइल त्यानं स्वतःचे दिले होते. आमचे पासपोर्ट व्हिसासकट आल्यावर, प्रवासाची तारीख सुरू व्हायच्या आत, त्याच ईमेलवरून व्हिसा नाकारल्याचं सांगून रद्द करायचा अर्ज गेला. ओटीपी त्याच्याकडे, रद्द झाल्याचा मेसेजही त्याच्याकडे. प्रीमियम त्याच्या खात्यातून भरलेला, म्हणून रिफंडही तिथेच जमा. माणशी हजार-बाराशे रुपयांची ही कमाई. त्यापायी एका पोरीचं तीस लाखांचं संरक्षण त्यानं काढून घेतलं. हे उघडकीला येत नाही, कारण बहुतेक लोक धडधाकट जातात, धडधाकट परत येतात आणि पॉलिसी फाइलमधून बाहेरही निघत नाही. आमच्या आधी त्यानं किती जणांना असं उघड्यावर पाठवलं असेल याचा विचार करून मला संताप येतो.

फाइल खुशाल एजंटकडे द्या, पण विमा स्वतः काढा. कंपनीच्या वेबसाइटवर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल, पैसे स्वतःच्या खात्यातून. आधीच एजंटनं काढून दिली असेल तर छापलेल्या प्रिंटवर जाऊ नका. प्रिंट आमच्याकडेही होती, खरी होती, क्यूआर कोडसकट. प्रिंटवरचा फोन नंबर न वापरता कंपनीच्या वेबसाइटवरचा टोल-फ्री नंबर शोधा, पॉलिसी नंबर सांगा आणि आजच्या तारखेला ती चालू आहे का हे विचारा. व्हिसा हातात आल्यावर एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा. एकदाच विचारून थांबलात तर उपयोग नाही, कारण आमची रद्द झाली ती नेमकी या दोन्हींच्या मध्ये. विद्यार्थी पाठवणाऱ्या विभागप्रमुखांनी एनओसीवर सही करतानाच हे तपासून घ्यावं असं मला कळकळीनं सांगायचं आहे. आमच्या विभागात आता तसं चालतं.

तिकडं गेल्यावर युरोपभर 112 हा आणीबाणीचा नंबर चालतो, ऑस्ट्रियात ॲम्ब्युलन्ससाठी 144. दूतावासाचा नंबर कागदावरही लिहून ठेवा, फोन चोरीला गेला तर मोबाइलमधला नंबर कामाचा नाही.

तक्रारीचं म्हणाल तर, पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, तिथं वेळेला महत्त्व आहे. विमा कंपनी किंवा परवानाधारक विमा एजंटविरुद्ध विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयचा 155255 हा नंबर आणि तक्रारीसाठी बिमा भरोसा पोर्टल आहे. आमच्या माणसाकडे विमा विकायचा परवानाच नव्हता, त्यामुळे आम्ही पोलिसांकडे गेलो. बेळगावात सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचं सीईएन पोलीस ठाणे आहे, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 कलम लागतं. एका कन्नड सहकाऱ्यानं तक्रार कन्नडमध्ये लिहून दिली, कंपनीचं उत्तर आणि व्हिसाच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. तपास चालू आहे.

बेळगावच्या टिळकवाडी भागातल्या एजंटकडून विम्यासकट पॅकेज घेऊन कोणी जाऊन आलं असेल तर त्यांनी जुन्या पॉलिसीचा नंबर कंपनीला विचारून बघावा. रद्द निघाली तर कंपनीकडून तसं लेखी घ्यावं आणि पैसे दिल्याच्या यूपीआयच्या नोंदीसह तक्रार द्यावी, मग प्रवास दोन वर्षांपूर्वीचा असला तरी.