वही, फोन की बायबलचा समास?

मागच्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर चहाचा कप हातात असतानाच मंडळीतल्या एका कॉलेजच्या मुलीनं मला गाठलं. "मावशी, तुम्ही रोज लिहिता ना, प्रार्थना वगैरे? मलाही सुरू करायचंय. वही घेऊ की फोनवरच लिहू?" मी "वही घे" म्हणून मोकळी झाले आणि तलावपाळीपर्यंत चालत येताना मलाच ते उत्तर खोटं वाटायला लागलं. कारण त्या घडीला माझ्या पर्समध्ये वही नव्हती. फोन होता, आणि शुक्रवारची नोंद त्यातच होती.

तर हे सविस्तर उत्तर. मी ठाण्यात राहते, नोकरी वाशीला. इतक्या वर्षांत सगळे प्रकार करून झालेत, काही दोनदा. आधी एक सांगते, मी प्रवचनाच्या नोंदींबद्दल बोलत नाहीये. त्या कुठेही लिहा, परत कोण उघडतंय? मी बोलतेय ते मंगळवारचं: पोराचा ताप, घरभाडं वाढल्याचा निरोप, सासूबाईंशी झालेला खटका, आणि या सगळ्यात देवाशी काय बोलणं झालं किंवा झालंच नाही.

वही

वहीत लिहायला वेळ लागतो, आणि माझ्या मते तोच तिचा गुण. साहेबांवरचा राग लिहायला बसले की तिसऱ्या ओळीला हात दुखायला लागतो आणि चौथ्या ओळीत, नको असताना, माझी स्वतःची चूक येते. फोनवर तोच राग दहा वाक्यांत एका दमात टाकून मी मोकळी होते.

शिवाय वहीत खाडाखोड शिल्लक राहते. एका वर्षीच्या वहीत "देवा, तू ऐकतच नाहीस" असं लिहून मी त्यावर तीन रेघा मारल्यात. खालचं वाचता येतं. फोनवर असतं तर पुसून टाकलं असतं आणि मागे उरली असती एक सुबक, उपकारस्तुतीची नोंद. तसं पाहिलं तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत अशा तक्रारींची कमी नाही. १३ वं स्तोत्र "किती वेळ" असं विचारतच सुरू होतं, आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही. ते पान कुणी फाडलं नाही, मग आपण आपलं का फाडायचं?

आता तोटे. वन बीएचकेमध्ये वही लपवायला जागा नसते. माझी बरीच वर्षं तांदळाच्या डब्यामागे होती आणि तिला अजून कीडनाशक पावडरीचा वास येतो. दुसरं म्हणजे पाऊस. एका जुलैत कोर्ट नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत बॅग गळाली आणि जेल पेननं लिहिलेला अख्खा जून निळा होऊन गेला. तेव्हापासून साधं बॉलपेन. वही घ्यायचीच तर शिवलेली घ्या, स्प्रिंगची नको. स्प्रिंगच्या वहीतलं पान फार सहज निघतं. आणि छापील तारखांची डायरी तर अजिबात नको. चार दिवस राहिलं की ती कोरी पानं पुढ्यात नाचवते, आणि फेब्रुवारीत माळ्यावर जाते.

फोन

ठाण्याहून दहा नंबर फलाटावरून लोकल सुटते: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत वाशी. अर्धा तास. तेवढाच वेळ दिवसात माझा एकटीचा असतो, भोवती तीनशे माणसं असली तरी. एक हात कडीला असताना वही कशी उघडणार? अंगठ्यानं लिहायचं तर फोनच. ज्यांचा दिवस या ट्रान्स हार्बर मार्गावर सुरू होतो त्यांनी वहीचा हट्ट धरू नये. वही घरी वाट पाहत बसते आणि रात्री अकराला तुम्ही झोपलेले असता.

फोनचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे, तो शोधता येण्याचा. भावाच्या नोकरीसाठी मी प्रार्थना करत होते. नोकरी लागल्यावर नुसतं त्याचं नाव टाकलं आणि चौदा महिन्यांतल्या एकवीस नोंदी समोर आल्या. त्यातल्या सहा नोंदींत मी चक्क वेगळंच मागितलं होतं, आणि जे मिळालं ते सातव्याच प्रकारचं होतं. वहीत हे मला कधीच दिसलं नसतं.

बोलून टाइप करायची सोयही आहे, पण पवित्र शास्त्रातली नावं त्याला झेपत नाहीत. माझ्या फोननं "हबक्कूक" ऐकून "हा बघ कुक" लिहिलं. आठवडाभर घरात सगळे मला कुक म्हणत होते.

आणि आता फोनचा धोका, जो मी स्वतः भोगलाय. सानपाड्याला उतरायच्या गडबडीत एका नातेवाइकाच्या दारूबद्दल लिहिलेली प्रार्थना मी नोंदीत टाकायची ती महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत काढली. तोवर अकरा जणींनी वाचली होती. त्यातल्या एकीनंही नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं. चूक माझीच होती, पण वहीत ती होऊच शकली नसती. शिवाय एकदा फोन बदलताना आठ महिने गेले. तेव्हा फोनवर लिहिणार असाल तर नोंदी वेगळ्या कुलपात ठेवा, संदेश पाठवायच्या जागेत कच्चं लिहू नका आणि त्यांची प्रत दुसरीकडे उतरवून ठेवा.

समास, कॅलेंडर आणि ठिपके

बायबलच्या समासात मावतात चार-पाच शब्द. कागद पातळ, बॉलपेन मागच्या पानावर उमटतं, म्हणून मऊ पेन्सिल. रोजनिशी म्हणून हे अगदीच अपुरं आहे. पण आईच्या बायबलमध्ये यशया ४३ काढा. पाण्यातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असं जिथे देव म्हणतो, तिथे कडेला तिच्या बारीक अक्षरात आहे: "२६/७/०५. दादा रात्री आला नाही. सकाळी ११ ला आला. चालत." बस्स. मुंबईतल्या त्या प्रलयाच्या रात्रीबद्दल माझ्या वहीत सहा पानं आहेत आणि ती मी परत वाचत नाही. हे वाचते.

तिची आणखी एक जागा होती: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. तारखेच्या चौकोनात "दूध दीड", त्याखाली "स्तो. १२१", त्याखाली "गॅस लावला". हिशेब आणि वचन एकाच चौकोनात. मला विचाराल तर रोजच्या जगण्यातल्या विश्वासाची याहून खरी नोंद मी पाहिलेली नाही. पण हे तिलाच जमायचं. मी दोन महिने करून पाहिलं, चौकोन पुरेना.

ज्यांना शब्दच नको वाटतात त्यांच्यासाठी जुनी युक्ती आहे. सोळाव्या शतकात कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेली. एकच दोष निवडायचा, समजा चिडणं. दिवसाला दोन रेघा आखायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. काल-आज, हा आठवडा-तो आठवडा असं ताडून पाहायचं. आमच्या सोसायटीतल्या एक कॅथलिक ताई हे उपवासकाळात करतात. कुणाच्या हाती पडलं तरी काही कळत नाही, हा फायदा. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे पण स्वतःला पकडायचंय, त्यांनी इथून सुरुवात करावी. माझं मन मात्र ठिपक्यांवर भागत नाही. मला गोष्ट लागते.

कुठल्या मराठीत?

हा प्रश्न त्या मुलीनं विचारला नव्हता, पण मला तो वही-फोनपेक्षा मोठा वाटतो. आपण मंडळीत प्रार्थनेला उभे राहिलो की आवाज बदलतो. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणांशी लीन होऊन..." घरी आपण असं बोलतो का? माझी पहिली दोन वर्षं याच भाषेत गेली. त्या नोंदी चाळल्या तर कुणाच्याही वाटतात. त्यात मी कुठेच नाही. नंतर एका रात्री चिडून लिहिलं, "बाबा, आज पण पाणी आलं नाही आणि मी मुलांवर ओरडले," आणि तिथून वही माझी झाली.

जुनी माणसं यात आपल्यापेक्षा धीट होती. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून सोप्या भाषेत. ते छापून निघालं १९२४ मध्ये, त्यांच्या मागे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली. त्यानं घराची जी उलथापालथ झाली ती लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये सांगितली तीही घरातल्या बाईच्या बोलीत, रुसव्याफुगव्यांसकट.

इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी इंग्रजीत लिहावं का? ज्या भाषेत तुम्ही एकटे असताना पुटपुटता, त्या भाषेत. माझी मुलगी तीन भाषा एका वाक्यात घालते. घालू दे.

कुणासाठी?

काही जण लिहितात ते पुढे मंडळीसमोर आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला उपयोगी पडेल म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण लिहिताना समोर खुर्च्या दिसायला लागल्या की हात आपोआप आवरतं घेतो. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी यावर केलेली व्यवस्था मला पटते. १७२५ पासून त्यांची खाजगी रोजनिशी होती, ती सांकेतिक लिपीत. आणि लोकांसाठी छापलेलं दैनंदिन वृत्त निराळं. दोन वेगळ्या जागा. माझा नियमही तोच. वहीतलं काही सांगावंसं वाटलं तर सहा महिने थांबायचं आणि मग नव्यानं लिहायचं, उतरवायचं नाही. आणि त्यात दुसऱ्याचं दुःख असेल तर त्याला विचारल्याशिवाय ओठ उघडायचे नाहीत. प्रार्थनेची विनंती ही गावभर फिरणारी बातमी व्हायला आपल्या मंडळ्यांत फार वेळ लागत नाही.

दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे: पत्र. एकाच माणसाला. याला तर ठाण्याचाच दाखला आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये इथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे चार बंधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेले डोमिनिकन संघाचे जॉर्डानस तेव्हा बाहेरगावी होते. परत येऊन त्यांनी सोबत्यांना सोपाऱ्याला पुरलं आणि दूरच्या बांधवांना पत्रं लिहिली. ती पत्रं टिकली म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. त्यात धर्मकार्याच्या हिशेबाबरोबर एकटेपणा आहे, सोसलेले हाल आहेत, सोबतीला कुणीतरी पाठवा अशी याचना आहे. कुणालाच सांगायचं नाही असं लिहिणं जमत नसेल, आणि सगळ्यांना सांगायचीही भीती वाटत असेल, तर महिन्यातून एकदा जिवलग मैत्रिणीला पत्र लिहा. माझी मैत्रीण नेरूळला आहे. आम्ही अजून पोस्टानं पाठवतो. हसू नका, पोचतं.

मग घ्यायचं काय?

त्या मुलीला मी आता असं सांगेन. गाडीत फोनवर लिही, तीन ओळी, शुद्धलेखन न बघता. शनिवारी रात्री वही उघड आणि त्या आठवड्यातलं जे अजून टोचतंय तेवढंच हातानं लिही. बाकीचं फोनवर राहू दे, शोधायला. घरून काम करत असशील किंवा लहान मूल पदरात असेल तर हे जमणार नाही. तेव्हा कॅलेंडरचा चौकोन पुरे. पाच जण एका खोलीत राहत असतील आणि वही वाचली जाण्याची भीती असेल, तर कुलूप लावलेला फोन बरा, वहीचं कितीही कौतुक मी केलं तरी. आणि महिनाभर काहीच लिहिलं नाही तर पुढच्या पानावर आजची तारीख टाक. मागचं भरून काढायच्या फंदात पडू नको, ती दुरुस्ती नेहमी खोटी होते.

एक गोष्ट राहिली. वही आपल्या मागे उरते. फोनचं कुलूप बहुधा आपल्याबरोबरच जातं, आणि काहींना तेच हवं असतं. त्यांनी तसंच करावं. आई गेल्यावर कपाटात तिच्या तीन वह्या सापडल्या. दोन आम्ही भावंडांनी वाचल्या: दूध, स्तोत्रं, आमचे ताप, कुणाकुणाच्या नोकऱ्या. तिसरीला तिनं साडीच्या काठाची पट्टी गाठ मारून बांधलीय. वर कुणाचं नाव नाही की सूचना नाही. दादा म्हणतो सोडू या. मी म्हणते, गाठ तिनं मारलीय. सध्या ती माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्यामागे.