अर्धवट राहिलेली मॉडिफाइड गाडी: पुरी करावी, मूळ रूपात आणावी की विकून टाकावी?

हौसेने हाती घेतलेली मॉडिफाइड गाडी वर्षानुवर्षं अर्धवट उभी असली की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. एक म्हणतो पुरी कर, दुसरा म्हणतो विकून मोकळा हो. दोघांनीही गाडीखाली वाकून पाहिलेलं नसतं. माझं मत याबाबतीत ठाम आहे: हा निर्णय इंजिनावरून घेऊ नये, बॉडीवरून घ्यावा. इंजिन उतरवता येतं, पुन्हा बांधता येतं, दुसरं बसवता येतं. पण बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार उचलते. तीच आतून सडली असेल तर तिच्यावर टर्बो काय आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) काय, सगळं वाया.

तेव्हा आधी तपासणी. कार्पेट उचला, दाराखालचा आडवा पत्रा बघा, जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे माउंट, बॅटरीच्या ट्रेखालचा कोपरा बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो, आणि जाड पुट्टी भरली असेल तिथे चुंबक धरत नाही. मग स्क्रूड्रायव्हर उलटा करून टोक दाबा. रंगाच्या फुगवट्याखाली टोक आत शिरलं तर वर दिसणाऱ्या गंजापेक्षा आतला गंज नक्की जास्त आहे, असं धरून चाला. दारांवरचा किंवा पंख्यांवरचा (चाकांवरचे पत्रे, फेंडर) गंज मी फार मनावर घेत नाही, ते भाग बदलता येतात. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथला गंज मात्र पर्यायांची यादीच बदलतो.

दुसरा प्रश्न: गाडीवर जे काम झालंय ते बोल्टचं आहे की कापाकापीचं? एक्झॉस्ट, सस्पेन्शन, चाकं, सीट, इनटेक हे सगळं पाना घेऊन परत काढता येतं. रुंद टायर बसावेत म्हणून कापलेले पंखे, दुसरं इंजिन मावावं म्हणून कापलेली फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), रोल केजसाठी (केबिनमधला लोखंडी नळ्यांचा पिंजरा) फरशीला मारलेलं वेल्डिंग, मूळ वायरिंगचे तोडलेले हार्नेस (तारांचे जुडगे) हे परत फिरत नाही. फिरवलंच तर ते नव्याने बॉडी बांधण्याइतकं काम असतं.

पुरी करणं आणि मूळ रूपात आणणं

खरी चुरस या दोघांत आहे, आणि इथेच लोक सर्वांत जास्त अडकतात.

पुरी करण्याच्या बाजूने बोलायचं तर जुळवलेलं सामान हाताशी असतं आणि गाडी कशी हवी हे डोक्यात पक्कं असतं. अडचण अशी की बहुतेक वेळा ताकद वाढवायचं सामान आधी घेतलं जातं आणि ती ताकद पेलणारं सामान मागे राहतं. टर्बो आहे, पण इंजेक्टर आणि फ्युएल पंप मूळचेच. अशा गाडीत बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवला की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, सिलिंडरमध्ये नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टन वितळण्यापर्यंत गोष्ट जाते. जड इंजिन बसवलं तर ब्रेक, माउंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा हिशेब नव्याने करावा लागतो. पुरी करायची असेल तर पहिलं स्वप्न लहान करा, असं मी आग्रहाने सांगेन. बूस्ट कमी ठेवा, रंग नंतर द्या, आधी गाडी भरवशाने सुरू होऊ दे, वळू दे आणि थांबू दे. चालती गाडी सुधारत नेणं सोपं असतं. उभ्या गाडीत कामाला कामं चिकटत जातात.

मूळ रूपात आणायला पूर्वी कमीपणा मानायचे. आता तसं राहिलेलं नाही, कारण १९८० आणि ९० च्या दशकांतल्या ज्या गाड्या सर्रास मॉडिफाय झाल्या त्यांचे धड, न छेडलेले नमुने दुर्मिळ झाले आहेत. निस्सानने २०१७ मध्ये आर ३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी जुने भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०१९ मध्ये ए ७० आणि ए ८० सुप्रासाठी तशीच घोषणा केली. पण हे भाग्य मोजक्याच मॉडेलांचं. बाकी गाड्यांत इंजिनाचे भाग मिळून जातात आणि घोडं अडतं ते डॅशबोर्डचं प्लास्टिक, दारांची रबरं, काचेभोवतीच्या पट्ट्या आणि वायरिंगचे कनेक्टर यांच्यापाशी. त्यामुळे काढलेलं मूळ सामान खोक्यात सांभाळून ठेवलेलं असेल आणि काम बोल्टचं असेल, तर मी बिनधास्त मूळ रूपाकडे झुकेन. सामान विकून टाकलं असेल किंवा फायरवॉल कापली असेल, तर त्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा गाडी आहे त्याच दिशेने पण साधेपणाने पुरी करावी.

मध्यममार्गही आहे आणि रोज चालवायला तो मला सर्वांत आवडतो: इंजिन आणि वायरिंग मूळचं, सस्पेन्शन, ब्रेक आणि चाकं चांगली.

दोन्हींपैकी काहीही निवडा, इंजिनाची खरी स्थिती आधी कळायला हवी. फार दिवस उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने फिरवा. मग कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय घ्या. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं आंबूस वासायला लागलं असेल तर सगळं काढा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस धरलेला असतो, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. टायरवर DOT अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही शाबूत दिसो, ते टायर बदलायचेच.

बॉडी सडलेली पण यांत्रिक सामान उत्तम, असं असेल तर त्याच मॉडेलची दुसरी धड बॉडी घेऊन सगळं तिच्यात हलवता येतं. काम सरळ आहे, पण गाडीची ओळख चेसिस नंबरवर असते आणि तो बॉडीसोबत जातो. कागदपत्रं नव्या बॉडीचीच राहतील हे मान्य असेल तरच हात घाला.

अख्खी विकणं आणि सुटे भाग करून विकणं

एकूण पैसे बहुतेकदा सुट्या भागांतून जास्त येतात, डोक्याला ताप मात्र अख्खी विकण्यात कमी. अख्ख्या अर्धवट गाडीला भाव मिळत नाही याचं मोठं कारण वायरिंग. कुठली तार कुठे जाते हे घेणाऱ्याला कळत नाही आणि तो त्या भीतीचे पैसे कापतो. म्हणून विकण्याआधी नवं सामान घालण्यापेक्षा तारांना लेबलं लावा, ईसीयूची (इंजिन चालवणारा संगणक) मॅपची, म्हणजे सेटिंगची, फाइल आणि पासवर्ड लिहून ठेवा, पावत्या लावा, गंजाचे फोटो स्वतःहून दाखवा. गाडी थंड असताना सुरू होते याचा व्हिडिओ नव्या रंगापेक्षा जास्त कामाचा.

सुटे भाग करताना इंजिन, गिअरबॉक्स, सीट, ईसीयू लवकर जातात. दारं, काचा आणि रिकामी बॉडी मागे राहते. चाकं आणि हब शेवटपर्यंत विकू नका, नाहीतर बॉडी जागची हलणार नाही. एसीचा गॅस हवेत सोडू नका, तो यंत्राने काढून घेणाऱ्याकडे जा. एअरबॅग जाणकारालाच काढू द्या. नोंदणी रद्द करायचं काम बॉडी भंगारात जाण्याआधी उरका. सडलेल्या गाडीचे भाग करताना जीव तुटतो, हे खरं आहे. पण तिचा गिअरबॉक्स दुसऱ्या कुणाची धड गाडी रस्त्यावर ठेवतो, आणि म्हणून बॉडी गेलेली असेल तर मला हाच पर्याय योग्य वाटतो.

सध्या ठेवून द्यायची असेल तर

हाही पर्याय आहे, पण नीट ठेवली तरच. आहे तशी सोडून दिली तर वरचे सगळे पर्याय दरवर्षी थोडे थोडे कमी होत जातात. गाडी धुऊन पूर्ण वाळवा, बॅटरी काढा, ऑइल बदलून ठेवा. टाकी ताज्या पेट्रोलने भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घाला. हँडब्रेक न लावता चाकांना अडण लावा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. कव्हर हवा खेळेल असं घ्या, प्लास्टिकचं अजिबात नको, त्याखाली ओल कोंडते. आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करायची सवय सोडा. तेवढ्यात ऑइल तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं. सुरू करायचीच तर सगळं नीट तापेपर्यंत गाडी चालवून आणा. ते जमत नसेल तर तिला हात लावू नका.