सागवान सांगून निलगिरी घातली: माळवदाच्या दुरुस्तीत गेलेले ३,८१,००० रुपये

"सागवानाचा वास कसा काय येईना?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या होत्या.

२० एप्रिल २०२४, रात्रीचे साडेनऊ. लाइट गेलेली. अंगणात लाकडाचा ट्रक लागलेला आणि गुत्तेदाराची माणसं मोबाइलच्या उजेडात तुळया उतरवत होती. प्रत्येक तुळईला काळं ऑइल फासलेलं, टोकांना लाल रंग मारलेला. गुत्तेदार म्हणाला, "वाळवी लागू नये म्हणून आधीच ऑइल पाजून आणलंय, मावशी. आता ऑइलचाच वास येणार की." आणि मी, बी.एस्सी. झालेली, घरखर्चाची वही रुपयाच्या हिशेबानं लिहिणारी मी, आत्याबाईंना म्हणाले, "तुम्ही आत जा, पायावर काहीतरी पडेल."

त्या गेल्या. दोन वर्षं होत आली, पण ते वाक्य आठवलं की अजून अंगाची लाही होते. साठ वर्षं त्या बाईनं सागवानाच्या खांबाला पाठ टेकून धान्य निवडलं. तिला वास कळणार नाही तर कुणाला कळणार?

आधी घराचं सांगते. मांजरा नदीच्या काठावर आमचं गाव आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं नऊ खणांचं माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर. ढाळज (दारालगतची बसायची जागा), ओसरी, माजघर, भिंतीत धान्याचं बळद. सासरे गेल्यावर पाच-सहा वर्षं माळवदावर पांढरी माती पडली नाही. ज्यांच्या घरी माळवद आहे त्यांना माहीत आहे, मृगाच्या आधी पांढरी पसरून चोपली नाही की पाणी मुरतं, किलचण (तुळयांवर अंथरलेल्या लाकडाच्या चिपा) कुजतं आणि मग लाकडाला लागतं. २०२३ च्या दिवाळीत आम्ही ठरवलं, पुण्याची खोली सोडायची आणि गावी राहायचं. ह्यांचं काम घरून चालणारं. लेकरं लहान. स्लॅब टाकायचा नाही यावर आम्ही दोघंही ठाम होतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना माळवदाखाली पंखा न लावता झोप लागते, आणि शेजारच्या स्लॅबखाली रात्री बारालाही भिंत तापलेली असते.

गुत्तेदार नात्यातल्या माणसानं पाठवला होता. म्हणून चौकशी केली नाही, हे खरं आहे. पण नात्यातल्या माणसानं पाठवलेल्याची चौकशी कोण करतं? त्यानं मोबाइलवर जुन्या मंदिरांचे, वाड्यांचे फोटो दाखवले. ते त्यानं केलेल्या कामाचे होते का, हे आजही आम्हाला माहीत नाही. फोटो बघून काम देऊ नका. ज्या घरी काम केलंय तिथं जाऊन एक पावसाळा कसा गेला ते विचारा.

मग त्यानं तुळया तपासल्या. तपासल्या म्हणजे काय, तर भिंतीत गेलेल्या टोकाजवळची माती उकरली आणि तिथं पेचकस घुसवला. भसाभसा भुगा पडला. "बघा वैनी, आतून पोकळ आहे." दोन तुळयांचं त्यानं असं दाखवलं आणि बाराच्या बारा गेल्यात म्हणून सांगितलं. आता कळतं की भिंतीतल्या ओलीनं टोक खराब होतंच, आणि मधला सगळा गाभा ठणठणीत असू शकतो. पेचकस मध्यभागी, खांबाजवळ, दुसऱ्या टोकाला, सगळीकडे मारून बघायला हवा होता. टोक कापून, जोड देऊन, खाली आधाराचा नवा लाकडी हात बसवून तुळई वाचवता येते. हे त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला त्या तुळया हव्या होत्या.

आणि तेवढ्यावर आम्ही ऐकलं नसतं म्हणून त्यानं किल्लारी काढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचं आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. माळवदाच्या मातीखाली, दगडाच्या भिंतींखाली माणसं झोपेत गेली. तो म्हणाला, "उद्या जमीन हालली तर ही माती लेकरांच्या अंगावर येईल. मग मला बोलू नका." या वाक्यानंतर कुठली आई खिशाकडे बघेल? खरं तर त्या पहाटे आमच्या घराच्या दोन भिंती फुटल्या होत्या, पण माळवद खांबांवर आणि त्याच बारा तुळयांवर उभं राहिलं होतं. घरातली सात माणसं त्यांच्याखालून जिवंत बाहेर आली. आत्याबाई त्या सातांपैकी एक. आणि तो त्याच तुळयांचं भय घालून त्याच तुळया घेऊन गेला.

हिशेब असा ठरला. नवीन सागवान ९४ घनफूट, २,८०० रुपये भावानं २,६३,२००. मजुरी १,७५,०००. एकूण ४,३८,२००. जुनं लाकूड "जळणाच्या लायकीचं" म्हणून ८ रुपये किलोनं तो नेणार. ९८० किलो भरलं, ७,८४० वजा. राहिले ४,३०,३६०. मी वहीत लिहिलं, त्यानं खाली सही केली. स्टॅम्प पेपर करायचा राहिला. तेव्हा १०० रुपयांचा स्टॅम्प चालत होता, आता ५०० चा लागतो, पण लागला तरी करा. माझ्या वहीच्या पानाला पोलीस "घरगुती टिपण" म्हणाले.

दिलेले पैसे: १५ फेब्रुवारीला इसार ५१,०००, यूपीआयनं. २८ मार्चला १,५०,००० रोख. रोख का, तर "बिल घेतलं तर जीएसटी तुमच्याच माथी बसतो." ते दीड लाख माझ्या पाटल्या गहाण ठेवून आणले होते. २२ एप्रिलला, म्हणजे लाकूड आल्यावर दोनच दिवसांनी, १,२०,००० चा चेक. २० मेला ६०,००० यूपीआय. बेरीज ३,८१,०००.

इथं आणखी एक गोष्ट, जी मला तेव्हाच टोचायला हवी होती. ४९,३६० रुपये बाकी होते आणि ते मागायला माणूस आलाच नाही. जूनच्या पहिल्या पावसात माजघर गळलं तेव्हा एकदा येऊन गेला, "माती बसली की थांबेल" म्हणाला, बाकीचा शब्दही काढला नाही. आम्हाला वाटलं, भला माणूस आहे. जवळपास पन्नास हजार सोडून जाणाऱ्या गुत्तेदाराला ते घर पुन्हा बघायचं नसतं. हे लक्षात ठेवा.

२०२४ चा पावसाळा ताडपत्रीवर काढला, ४,२०० रुपयांची ताडपत्री. हिवाळ्यात रात्री कडकन आवाज यायचे. लेकरं उठून बसायची. २०२५ च्या उन्हाळ्यात तुळयांना पीळ पडला आणि टोकांपासून बोट जाईल एवढ्या भेगा गेल्या. तेव्हा शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता रंधा काढला आणि एका तुळईवर चार हात मारले. काळं ऑइल गेलं आणि आतून गुलाबी लाकूड निघालं. सागवान पिवळसर सोनेरी निघतं, तेलकट लागतं, वास सोडतं. काकांनी भुगा हातावर चोळून नाकाला लावला आणि म्हणाले, "निलगिरी हाय, बाई. तीबी ओली कापलेली." ओली निलगिरी वाळताना पिळणारच आणि फुटणारच. चार मिनिटांचं काम. एक रंधा, चार हात. ट्रक आला त्या रात्री हे केलं असतं तर १,५०,००० आणि ५१,००० वरच थांबलो असतो.

ऑइल किंवा रंग लावून आलेलं लाकूड उतरवूनच घेऊ नका. रात्री आलेलं तर मुळीच नाही.

काकांनी जुन्या तुळयांचं विचारलं. जळणाच्या भावात दिल्या म्हटल्यावर ते डोक्याला हात लावून बसले. बारा तुळयांचं ५४ घनफूट जुनं, मुरलेलं सागवान. त्यांच्या अंदाजानं कमीत कमी सव्वा लाखाचं. पुढं महिन्याभरानं शहरात, वाड्यांचं जुनं सामान विकतात तिथं, मी आमची एक तुळई बघितली. पाळण्याच्या दोन कड्या तशाच होत्या. ह्यांचा पाळणा त्याच कड्यांना होता, नंतर आमच्या थोरल्याचाही. दुकानदारानं भाव सांगितला साडेचौदा हजार. आम्हाला त्या एका तुळईचे साडेसहाशे मिळाले होते. मी फोटो काढायला लागले तर त्यानं हटकलं. पावती कुणाच्या नावाची, माल कुठून आला, काही सांगायला तयार नाही. जुनं लाकूड दुसऱ्या सुतारानं बघेपर्यंत अंगणाबाहेर जाऊ देऊ नका. कितीही किडकं सांगितलं तरी.

आता पोलिसांचं. मे ते जुलै २०२५ मध्ये चार खेपा. पहिल्या दिवशी ठाण्यातले साहेब म्हणाले, "ताई, लाकूड खराब निघालं म्हणून कोणी चोर होत नाही. हे दिवाणी आहे. कोर्टात जा." मी म्हणाले, लाकूड खराब निघालं नाही, लाकूड दुसरंच निघालं. सागवान सांगून निलगिरी देणं आणि चांगल्या तुळया किडक्या सांगून नेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? दुसऱ्या खेपेला कलम कुठलं लावायचं यावरच तासभर गेला. एक जण म्हणे नवा कायदा, दुसरा म्हणे जुना. मी वाचून गेले होते: व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून भारतीय दंड संहितेचं ४२०. ते सांगितलं तर उत्तर मिळालं, "मग तुम्हीच करा तपास." तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला तक्रारीची पोच मागितली तर दोन तास बाकावर बसवलं आणि पोच न देता पाठवलं. मी बाई, बरोबर सत्तरी ओलांडलेली सासू. त्यांना कुणी पाणी विचारलं नाही.

ठाण्यानं तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालानं तक्रार पाठवता येते. हे मला चौथ्या खेपेनंतर एका वकिलाच्या कारकुनानं सांगितलं. ठाण्याच्या भिंतीवर बाकी सगळे फलक आहेत, हा नाही. ऑगस्टमध्ये पाठवली. ऑक्टोबरमध्ये एका ओळीचं उत्तर आलं: अर्ज दिवाणी स्वरूपाचा असल्याने निकाली काढण्यात येत आहे. एका ओळीत! त्या अर्जाला मी यूपीआयच्या नोंदी, चेकची झेरॉक्स, सुतारकाकांचं लेखी, अकरा फोटो जोडले होते. ते उघडून बघितले असते तर ही ओळ लिहिता आली नसती.

वनखात्याच्या कार्यालयातही गेले होते. सागवान नेता-आणताना वाहतूक पास लागतो आणि लाकडावर हातोड्याचा शिक्का असतो. नवीन घेताना पासची प्रत मागा, शिक्का बघा. मला वाटलं, आमच्या तुळया गेल्या त्याचा तरी माग लागेल. तिथं आधी मलाच विचारलं, तुमच्या घरात सागवान होतं त्याचे कागद आहेत का? आजेसासऱ्यांनी बांधलेल्या घराच्या तुळयांचे कागद! आणि नवीन लाकूड निलगिरी आहे म्हटल्यावर, "मग आमचा विषयच नाही."

हे सगळं चालू असतानाच २०२५ चा सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यात काय पाऊस झाला आणि मांजरा कशी वाहिली ते सगळ्यांनी बघितलं. आमचे माजघराचे दोन खण पहाटे खाली आले. सुतारकाकांनी बजावलं होतं म्हणून आम्ही पाचही जण ढाळजेत झोपत होतो, जुन्या खांबांखाली. म्हणून आज लिहिते आहे. पंचनाम्यात घर कच्चं, पडझड अंशतः, मदत ४,००० रुपये. मी म्हणाले, पावसानं नाही पडलं, लाकडानं पडलं, तसं लिहा. तलाठी म्हणाले, तसं लिहिलं तर तेवढेही मिळणार नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना दिवसाला चाळीस घरं बघायची होती.

नोव्हेंबरमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकील ३५,००० म्हणाला, म्हणून मीच लिहिली, मीच उभी राहते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण पोलिसांत खेटे घालून होईपर्यंत माझं त्यातलं दीड वर्ष जवळपास संपलं होतं. दोन्हीकडे एकदमच जा. ठाण्याची वाट बघत बसू नका. गुत्तेदाराचा खरा पत्ता आधारवरून घेऊन ठेवा. आमची पहिली नोटीस "घर बंद" शेरा मारून परत आली.

गावात लोक म्हणतात, शिकलेली बाई, वही लिहिते आणि तरी फसली. म्हणू देत. वही लिहिली म्हणूनच आज आयोगापुढं तारखा आणि आकडे ठेवता येतात. जे त्याच माणसाला वीस-वीस हजार देऊन गप्प बसलेत, असे दोन जण मला आपणहून भेटले, पण लिहून द्यायला तयार नाहीत. लाजेपोटी. त्यांची लाज त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाला महाग पडणार आहे.

आतापर्यंत तीन तारखा झाल्या. सुतारकाकांनी पडलेल्या तुळईचा वीतभर तुकडा कापून दिला आहे, एक बाजू रंधलेली, एक बाजू काळ्या ऑइलची. तो मी कापडात गुंडाळून, पिशवीत घालून प्रत्येक तारखेला नेते. अजून कुणी पिशवी उघडायला सांगितलेली नाही.