कॅट ६ केबल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या अभ्यासिकेत १२ संगणक आणि ४ पीओई कॅमेऱ्यांसाठी (म्हणजे ज्यांना वीजही नेटवर्कच्या केबलीतूनच मिळते) अस्सल तांब्याची कॅट ६ ही नेटवर्क केबल टाकली, त्याला आता अकरा महिने झाले. तिच्याआधी त्याच जागी जी केबल होती, तिच्या खोक्यावरही कॅट ६ असेच छापलेले होते. म्हणून हा अनुभव दोन्ही केबलींचा आहे.

जुनी केबल अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती. घेताना ते कोणी पाहिले नाही. दीड वर्षात एकेक पॉइंट, म्हणजे केबलीची जोडणी, १००० एमबीपीएसवरून (सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजेच एक गिगाबिट) १०० वर येऊ लागला. केबलीत एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी इंटरनेट चालूच राहते आणि बिघाड महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. खोलून पाहिले तेव्हा जॅकच्या तोंडाशी, जिथे केबल हलत होती नेमक्या तिथेच, तारा तुटलेल्या आढळल्या. अ‍ॅल्युमिनियमची बारीक तार वारंवार वाकणे सोसत नाही.

नवे खोके घेताना आम्ही दुकानातच हातभर तुकडा मागून घेतला आणि एका तारेचे टोक ब्लेडने तिरके छाटले. आतपर्यंत तांबूस रंग दिसला, तर माल खरा. मध्यभागी पांढरी चकाकी दिसली, तर मुलामा. खोके उचलून पाहिले तरी पुष्कळ कळते, कारण तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते आणि ३०५ मीटरच्या खोक्यात तो फरक हाताला लगेच जाणवतो.

त्याहून खात्रीची परीक्षा मल्टिमीटरची आहे. एका जोडीच्या दोन तारा पलीकडच्या टोकाला एकमेकींना पिळून घ्याव्यात आणि अलीकडे त्यांचा रोध (रेझिस्टन्स) मोजावा. मीटरचे प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो, तो मात्र त्यातून वजा करायला विसरू नये. कॅट ६ च्या मानकानुसार १०० मीटर तारेचा रोध ९.३८ ओहमपेक्षा जास्त नसावा. आमच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबल ७० मीटरची आहे, म्हणजे जाऊन-येऊन साधारण १३ ओहम ही तिची मर्यादा झाली. काढलेल्या जुन्या केबलीवर १९ ओहम आले होते, नव्या केबलीवर १० सुद्धा आले नाहीत. कॅमेऱ्यांसाठी हा आकडा विशेष महत्त्वाचा, कारण त्याच तारांतून वीजही जाते आणि रोध जास्त असेल तर ती तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर मात्र आम्ही फार विसंबलो होतो. नव्या केबलीच्या दोन पॉइंटांवर एक ते आठ दिवे क्रमाने लागत होते, तरीही मोठी फाइल पाठवताना जोडणी तुटत असे. वायरमनने दोन्ही टोकांना रंग सारख्याच क्रमाने लावले होते, पण हिरव्या जोडीच्या तारा शेजारी शेजारी, तिसऱ्या आणि चौथ्या पिनवर घातल्या होत्या. तिसरी आणि सहावी पिन एकाच जोडीची असावी लागते. तसे नसेल तर एकमेकींभोवती पिळलेल्या तारांचा उपयोगच राहत नाही आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट संदेशात मिसळतो. टेस्टर तार अखंड आहे एवढेच सांगतो, जोडी बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही. नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी या क्रमाने पुन्हा क्रिम्पिंग करून (तारा जॅकमध्ये दाबून बसवून) घेतले आणि जॅकपाशी जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू दिला नाही. तेव्हापासून दोन्ही पॉइंटांवर आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवल्यावर ९४० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो आणि अकरा महिन्यांत एकही पॉइंट १०० वर उतरलेला नाही.

कॅट ६ए ही पुढच्या दर्जाची केबल आम्ही जाणूनबुजून घेतली नाही. १० गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायचे असेल तर ती हवी, पण आमचा नेटवर्क स्विचच गिगाबिटचा आहे आणि जाड केबल जुन्या केसिंग-कॅपिंगमध्ये बसली नसती.

तक्रार एकच, आणि ती केबलीपेक्षा आमच्या निवडीबद्दल आहे. गच्चीवरच्या तुकड्यालाही आतल्यासारखीच करडी पीव्हीसी केबल वापरली गेली. एका उन्हाळ्यातच तिचे आवरण कडक झाले असून वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात. तेवढे ७० मीटर बाहेरच्या वापरासाठीच्या काळ्या पॉलिथिन आवरणाच्या केबलीने बदलायचे ठरले आहे, आणि ती घेतानाही ब्लेड आणि मल्टिमीटर सोबत नेणार आहोत.